चाळिशीपुढचा माणूस: वाढ, उतार आणि मधले वाद

जी. स्टॅन्ली हॉल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९०४ साली किशोरवयावर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. पुढे १९२२ साली, स्वतः सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी ‘सेनेसन्स’ हे वार्धक्यावरचे पुस्तक प्रसिद्ध केले. या दोन वयांच्या मधल्या पट्ट्याला मात्र बराच काळ स्वतःचे शास्त्र मिळाले नाही. विकास म्हणजे बाळाचे चालणे-बोलणे, मुलाचे शिकणे, पोरांचे वयात येणे. पंचविशीनंतर माणूस घडून झालेला. त्याने संसार करायचा, नोकरी करायची आणि हळूहळू थकायचे, असे एकंदर धरून चालले होते.

हे गृहीत आधी लोकसंख्येने मोडले, मग मानसशास्त्राने. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीयांचे सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरीला टेकले आहे. (३२ या आकड्याचा अर्थ लोक तिशीत म्हातारे होऊन मरत असा नव्हे. बालमृत्यू अफाट असल्यामुळे सरासरी खाली ओढली जाई. म्हातारी माणसे तेव्हाही होती. साठी गाठणे ही सर्वसाधारण गोष्ट नव्हती, इतकेच.) २०११ च्या जनगणनेत साठीपुढची माणसे १० कोटींहून अधिक, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के भरली. महाराष्ट्रात हे प्रमाण दहा टक्क्यांच्या जवळ होते, गोव्यात अकराच्या वर.

तेव्हा प्रश्न दोन आहेत. चाळीस ते ऐंशी या चाळीस वर्षांत माणूस वाढतो की नुसता उतरतो? आणि त्याच्यात जे बदल दिसतात ते वयामुळे, की त्याने काढलेल्या आयुष्यामुळे? पहिल्यावर पुष्कळ काम झाले आहे. दुसरा माझ्या मते अधिक कळीचा आहे, आणि तो निम्माही सुटलेला नाही.

पायऱ्यांचा काळ

आयुष्याचे टप्पे पाडणे आपल्याला नवे नाही. चार आश्रम आहेत, साठीशांत आहे, सहस्रचंद्रदर्शन आहे. आधुनिक मानसशास्त्रात कार्ल युंग यांनी १९३० च्या सुमारास आयुष्याच्या उत्तरार्धाला स्वतःचे प्रयोजन असते, असे मांडले. पण या विषयाला आराखडा दिला तो एरिक एरिक्सन यांनी. १९५० च्या ‘चाइल्डहूड अँड सोसायटी’मध्ये त्यांनी जन्मापासून मृत्यूपर्यंत आठ पेच सांगितले. त्यातला सातवा मध्यवयाचा. पुढच्या पिढीची, कामाची, संस्थेची जोपासना करायची की स्वतःभोवती साचून राहायचे? आठवा वार्धक्याचा. जगलो ते आपले म्हणून स्वीकारायचे की हळहळत बसायचे? पुढे जोन एरिक्सन यांनी, स्वतः नव्वदीत असताना, नववा टप्पा जोडला. शरीर साथ सोडू लागले की आधीचे सगळे पेच पुन्हा उघडतात, असे त्यांचे म्हणणे होते.

या सिद्धांताचा एक मोठा अध्याय अहमदाबादेत लिहिला गेला. १९६२ साली जीवनचक्रावरच्या चर्चासत्रासाठी एरिक्सन तिथे आले आणि १९१८ च्या गिरणी संपाच्या आठवणी सांगणाऱ्या माणसांना भेटले. त्यातून आलेल्या ‘गांधीज ट्रुथ’ (१९६९) या पुस्तकाला पुलित्झर पारितोषिक मिळाले. संपाच्या वेळी गांधी ४८ वर्षांचे होते, आणि या वयाचा माणूस दुसऱ्यांची जबाबदारी कशी अंगावर घेतो हा पुस्तकाचा गाभा आहे. त्याच पुस्तकात एरिक्सन मध्येच थांबून दिवंगत गांधींना पत्र लिहितात आणि कस्तुरबांशी, आश्रमातल्या मुलांशी ते कसे वागले याचा जाब विचारतात. देशाची जोपासना करणारा माणूस घरच्यांच्या बाबतीत कमी पडू शकतो, ही अडचण सिद्धांतकाराने लपवली नाही.

एरिक्सन यांचे सहायक राहिलेले सुधीर कक्कर यांनी १९६८ मध्ये आश्रमव्यवस्था आणि एरिक्सन यांचे टप्पे शेजारी ठेवून पाहिले. साम्य आहेच. पण आश्रम ही ‘असे वागावे’ची यादी होती, ‘लोक असे वागतात’ची पाहणी नव्हे; आणि ती मुख्यतः द्विज पुरुषांसाठी होती. पाश्चात्त्य पायऱ्यांवरही पुढे नेमका हाच आक्षेप आला.

‘मिडलाइफ क्रायसिस’चे काय झाले

हा शब्दप्रयोग रूढ केला एलियट जॅक्स यांनी, १९६५ सालच्या एका लेखात. ३१० कलावंतांची आयुष्ये तपासून, पस्तिशीच्या सुमारास मृत्यूची जाणीव होते आणि निर्मितीत खंड पडतो किंवा तिचे वळण बदलते, असे त्यांनी म्हटले. १९७६ मध्ये गेल शीही यांच्या ‘पॅसेजेस’ने तो घराघरांत नेला. १९७८ मध्ये डॅनियल लेविन्सन यांचे पुस्तक आले. त्यांनी चाळीस पुरुषांच्या दीर्घ मुलाखती घेतल्या होत्या आणि त्यांतल्या ८० टक्क्यांना चाळिशीत मोठी उलथापालथ अनुभवाला आली, असा निष्कर्ष काढला होता. चाळीस पुरुष, तेही एका देशातले. स्त्रियांवरचे त्यांचे पुस्तक निघाले १९९६ साली, त्यांच्या मृत्यूनंतर.

मोठ्या पाहण्यांत हे चित्र टिकले नाही. अमेरिकेत १९९५ पासून सात हजारांहून अधिक लोकांवर चाललेल्या ‘मिडस’ अभ्यासाच्या आधारे इलेन वेदिंग्टन यांना असा ‘क्रायसिस’ आल्याचे सांगणारे सुमारे एक चतुर्थांशच आढळले. त्यांच्याही अडचणी बहुतेक ठरावीक घटनांतून आल्या होत्या: नोकरी जाणे, घटस्फोट, आजार, आई-वडिलांचा मृत्यू. चाळिशी त्यांना कारणीभूत होती असे म्हणता येत नाही. सार्वत्रिक टप्पा म्हणून ही कल्पना आज कोणी गंभीर अभ्यासक फारशी मांडत नाही.

तिची जागा एका आलेखाने घेतली. डेव्हिड ब्लँचफ्लॉवर आणि अँड्र्यू ऑस्वल्ड या अर्थशास्त्रज्ञांनी २००८ साली दाखवले की अनेक देशांत समाधानाची पातळी तरुणपणी वर असते, पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे तळ गाठते आणि नंतर चढते. २०१२ मध्ये तर ५०८ चिंपांझी आणि ओरांगउटानांतही, सांभाळणाऱ्यांनी दिलेल्या गुणांवरून, असाच खळगा दिसला. आक्षेप लगेच आले. नॅन्सी गॅलँबॉस आणि सहकाऱ्यांचे म्हणणे असे की ही वक्ररेषा बहुधा वेगवेगळ्या वयांच्या वेगवेगळ्या माणसांची तुलना करून निघते. त्याच माणसांचा वर्षानुवर्षे माग ठेवला तर ती प्रत्येक ठिकाणी सापडत नाही. गंमत अशी की अलीकडे खुद्द ब्लँचफ्लॉवरच सांगत आहेत की हा आकार पुसट होत चालला आहे, कारण तरुणच आता अधिक अस्वस्थ आहेत. चिंपांझींपर्यंत पोचलेला ‘निसर्गनियम’ दहा-पंधरा वर्षांत बदलत असेल, तर तो कितपत निसर्गाचा होता, अशी शंका घ्यायला जागा आहे.

स्वभावाच्या बाबतीत वाद जास्त शांतपणे मिटला. तिशीत स्वभाव पक्का होतो, असे विल्यम जेम्स १८९० मध्ये म्हणाले होते आणि शंभर वर्षे ते मानले गेले. २००६ मध्ये ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी ९२ दीर्घकालीन नमुन्यांची एकत्र छाननी केली. मध्यवयातही सरासरी माणूस अधिक जबाबदार आणि भावनिकदृष्ट्या स्थिर होत जातो, असे त्यातून निघाले. का होतो, यावर मात्र एकमत नाही.

शरीर: पंचांगातले वय आणि अंगातले वय

चाळिशीच्या आसपास जवळचे अक्षर धूसर होते, स्नायूंचे वजन हळूहळू उतरू लागते, ऐकू येणे मंदावते. याबद्दल वाद नाही. वाद आहे तो यातले किती अटळ, याचा.

पुण्यातल्या केईएम हॉस्पिटलच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी केलेले काम इथे महत्त्वाचे ठरते. भारतीय माणूस अंगाने बारीक दिसला तरी त्याच्या शरीरात चरबीचे प्रमाण अधिक असते. मधुमेह आणि हृदयविकार त्याला युरोपीय माणसाच्या साधारण दहा वर्षे आधी गाठतात. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत सुरू झालेल्या माता-पोषणाच्या अभ्यासात हेच लक्षण नवजात बाळांतही दिसले. म्हणजे पंचेचाळिशीत निघणाऱ्या साखरेचे मूळ आईच्या गरोदरपणातल्या आहारापर्यंत मागे जाते. मध्यवयाचा अभ्यास मध्यवयापासून सुरू करून भागत नाही.

रजोनिवृत्ती हे दुसरे उदाहरण. पाश्चात्त्य देशांत तिचे सरासरी वय ५१ धरतात. भारतात ते ४६-४७ च्या आसपास आहे. मार्गारेट लॉक यांनी जपानी स्त्रियांच्या अभ्यासातून १९९३ मध्ये दाखवले की अंगातून वाफा येण्याची तक्रार तिथे उत्तर अमेरिकेच्या मानाने पुष्कळ कमी होती. आहार, देह की संस्कृती, कारण कोणते? लॉक यांचे उत्तर असे की हे तिन्ही वेगळे काढता येत नाहीत. संप्रेरकांच्या औषधांवरही मत हेलकावे खात राहिले. २००२ मध्ये अमेरिकेतली एक मोठी चाचणी धोके दिसल्याने अर्ध्यावर थांबली आणि औषधे एकदम मागे पडली. नंतरच्या फेरतपासणीत, साठीच्या आत सुरुवात करणाऱ्या स्त्रियांसाठी लाभ-तोट्याचा हिशेब वेगळा निघाला.

आणि मग बीड. ऊसतोडीला जोडप्याने जायचे, मुकादमाकडून उचल घेतलेली, एक दिवस कामावर गेले नाही तर खाड्याचे पैसे कापले जाणार. पाळीचा किंवा पोटाचा त्रास परवडत नाही म्हणून तिशीतच पिशवी काढून टाकलेल्या बायकांची संख्या इतकी मोठी निघाली की २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. शस्त्रक्रियेत बीजांडकोशही काढले गेले तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते. ते ठेवले तरी ती लवकर येण्याचा धोका वाढतो. हाडे ठिसूळ होणे आणि हृदयविकार हे पुढचे परिणाम. कोणत्याही पाठ्यपुस्तकातल्या वयोमर्यादेत ही बाई बसत नाही. तिचे मध्यवय कामाच्या अटींनी ठरवले.

साठी बुद्धी नाठी?

या म्हणीची जितकी कसून परीक्षा झाली तितकी क्वचितच एखाद्या म्हणीची झाली असेल. रेमंड कॅटेल आणि जॉन हॉर्न यांनी बुद्धीचे दोन भाग केले. नवे कोडे झटपट सोडवण्याची प्रवाही बुद्धी आणि शिकून-अनुभवून साठलेली बुद्धी. पहिली लवकर ओसरते, दुसरी बराच काळ वाढत राहते. ढोबळमानाने हे आजही मान्य आहे. २०१५ मध्ये जोशुआ हार्ट्सहॉर्न आणि लॉरा जर्माइन यांनी हजारो लोकांच्या चाचण्या तपासल्या, तेव्हा प्रत्येक क्षमतेचे शिखर वेगळ्या वयाला निघाले. चिन्हे जुळवण्याचा वेग विशीच्या आसपास, डोळ्यांवरून भाव ओळखणे चाळिशी-पन्नाशीत, शब्दसंग्रह साठीच्याही पुढे.

घसरण सुरू कधी होते, हा प्रश्न मात्र अजून धुमसतो आहे, आणि त्याचे मूळ पद्धतीत आहे. आज तीस, पन्नास आणि सत्तर वर्षांच्या माणसांना एकाच दिवशी चाचणी दिली तर सत्तरीचे मागे पडतात. पण ते म्हातारे म्हणून मागे पडले, की त्यांच्या लहानपणी शाळा कमी आणि अन्न निकस होते म्हणून? वॉर्नर शाय यांनी १९५६ साली सिएटलमध्ये अभ्यास सुरू केला आणि दर सात वर्षांनी त्याच माणसांना पुन्हा तपासले. त्यांना दिसले की बहुतेक क्षमता साठीपर्यंत टिकतात. तरुणपणीच दिसणारी घसरण बरीचशी पिढ्यांमधल्या फरकाची होती. टिमथी सॉल्टहाउस यांनी २००९ मध्ये उलट बाजू मांडली. तीच चाचणी पुन्हा पुन्हा दिली की सराव होतो, आणि ज्यांचे खरोखर बिघडते ते अभ्यासातून गळतात, म्हणून माग ठेवणारे अभ्यास घसरण झाकतात. त्यांच्या मते ती विशी-तिशीतच सुरू होते. दोन्ही पद्धतींत खोट आहे, आणि ती विरुद्ध दिशांची आहे. खरे उत्तर मधे कुठेतरी असावे, पण नेमके कुठे हे सांगणारी पद्धत अजून कोणाला सापडलेली नाही.

भारतात हा पेच आणखी अवघड होतो. ज्या आजीने पाटी कधी धरली नाही तिला कागदावर आकृती काढायला लावली आणि ती चुकली, तर दोष मेंदूचा की शाळेचा? १९९० च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगडच्या अभ्यासासाठी मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी लिहिता-वाचता येण्यावर न विसंबणारी हिंदी चाचणी तयार केली, ती याचसाठी. ‘लासी’ या राष्ट्रीय पाहणीच्या जोडीने झालेल्या अभ्यासानुसार साठीपुढच्या भारतीयांत डिमेन्शियाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. स्त्रियांत आणि खेड्यांत ते अधिक. ‘लॅन्सेट’ने नेमलेल्या तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये १४ धोके सांगितले: लहानपणीचे अपुरे शिक्षण, मध्यवयातला रक्तदाब, मधुमेह, मंद झालेली श्रवणशक्ती, म्हातारपणातला एकटेपणा वगैरे. हे दूर झाले तर सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येईल, असा त्यांचा अंदाज आहे. तो शक्यतेचा अंदाज आहे. ऐकू येण्याचे यंत्र लावले म्हणून विस्मरण थांबेल असे आश्वासन नव्हे.

प्रौढ मेंदूत नव्या पेशी जन्मतात का, यावर २०१८ मध्ये काही आठवड्यांच्या अंतराने दोन शोधनिबंध आले. एकाने ‘जवळजवळ नाही’ म्हटले, दुसऱ्याने ‘होय, म्हातारपणीही’. तो वाद अजून मिटलेला नाही.

मागे सरायचे की उभे राहायचे

१९६१ मध्ये एलेन कमिंग आणि विल्यम हेन्री यांनी मांडले की वृद्ध माणूस आणि समाज हळूहळू एकमेकांना सोडतात, आणि हे दोघांच्याही सोयीचे असते. रॉबर्ट हॅविगहर्स्ट यांची बाजू याच्या विरुद्ध: जो कामात आणि माणसांत राहतो तो सुखी. १९८९ मध्ये रॉबर्ट ॲचली यांनी तोडगा सुचवला. माणसे आधी जशी होती तशीच पुढे राहू पाहतात, इतकेच. धोंडो केशव कर्वे १९१४ मध्ये फर्ग्युसनमधून निवृत्त झाले आणि १९१६ मध्ये, ५८ व्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ काढले. आज राज्य सरकारचा बहुतेक नोकरवर्ग याच वयात घरी जातो. पण कर्वे यांनी हिंगण्याचा आश्रम त्याआधी वीस वर्षे चालवलेला होता; ॲचली यांनाही ते आपले उदाहरण वाटले असते.

जॉन रो आणि रॉबर्ट कान यांनी १९८७ मध्ये ‘यशस्वी वार्धक्य’ ही कल्पना आणली: आजार नाहीत, मेंदू-शरीर चालते आहे, माणसांत वावर आहे. धोरणांवर तिचा मोठा प्रभाव पडला, आणि टीकाही तितकीच झाली. ज्याला संधिवात आहे तो नापास ठरायचा का? पॉल बाल्टेस यांची मांडणी मला यापेक्षा अधिक उपयोगी वाटते. त्यांच्या मते प्रत्येक वयात लाभ आणि हानी दोन्ही असतात. माणूस निवड करतो, निवडलेल्यावर मेहनत घेतो आणि उणीव दुसऱ्या कशाने तरी भरून काढतो. ते आर्थर रुबिनस्टाइन या पियानोवादकाचा दाखला देत. उतारवयात ते मोजक्याच रचना वाजवत, त्यांचा रियाज वाढवत, आणि जलद भागाआधीची लय मुद्दाम संथ ठेवत, म्हणजे जलद भाग अधिक जलद वाटे. लॉरा कार्स्टेन्सन यांनी हेच नात्यांबाबत दाखवले. उरलेला काळ थोडा आहे असे वाटले की माणूस ओळखीपाळखी गाळतो आणि जवळच्यांना धरतो. वर्तुळ लहान झाले म्हणजे तो एकटा पडला असे नसते.

मानववंशशास्त्रातून एक वेगळा आवाज आला. बनारसमध्ये काम केलेले लॉरेन्स कोहेन आणि पश्चिम बंगालमध्ये राहिलेल्या सारा लॅम यांनी विचारले की सदैव तरुण, स्वावलंबी राहणे हेच चांगले म्हातारपण, हे कोणी ठरवले? मुलांवर अवलंबून राहणे, मोह सोडत जाणे, शरीराचा उतार मान्य करणे यांतही काहींना अर्थ सापडतो. याची दुसरी बाजूही आहे. मोह सोडायला लावणारे बहुधा घरातले इतरच असतात, आणि विधवांना तो सर्वांत आधी सोडायला सांगितला जातो.

मराठी नाटकाने हा विषय पाहण्यांच्या आधीच उचलला होता. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७० चे. सगळे मुलांच्या नावावर करून बेघर झालेला त्याचा नायक ज्या संकटात सापडला, त्यावर कायदा झाला २००७ साली: सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास, परत मिळवण्याची तरतूद त्याच्या कलम २३ मध्ये आहे. डिमेन्शियाग्रस्त संस्कृत पंडिताची गोष्ट सांगणारा सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा चित्रपटही याच वाटेवरचा. या सगळ्या कलाकृती मात्र बहुतांशी निवृत्तिवेतन असलेल्या घरांच्या आहेत. केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेतला वाटा साठीपुढे दरमहा २०० रुपये आणि ऐंशीपुढे ५०० इतकाच राहिला आहे. राज्ये त्यात आपली भर घालतात. ‘लासी’च्या पाहणीत साठीपुढचे जवळपास निम्मे पुरुष अजून कामावर होते. निवृत्तीनंतर माणसाचे काय होते, या प्रश्नावरचे पाश्चात्त्य सिद्धांत त्यांना लागू होतच नाहीत, कारण ते निवृत्त झालेलेच नाहीत.

जे अजून बाकी आहे

बेका लेव्ही यांनी २००२ मध्ये, ओहायोतल्या एका जुन्या पाहणीच्या आधारे, दाखवले की स्वतःच्या वाढत्या वयाकडे चांगल्या नजरेने पाहणारे सरासरी साडेसात वर्षे जास्त जगले. प्रकृतीचा, उत्पन्नाचा फरक वजा करूनही संबंध उरला. तरी शंका राहते. नजर चांगली म्हणून आयुष्य वाढले, की पाहणीत न पकडलेली प्रकृती बरी होती म्हणून नजर चांगली? जे प्रयोगाने तपासता येत नाही तिथे ही गाठ सुटणे कठीण.

वय, पिढी आणि काळ यांचे परिणाम वेगळे काढणे गणिताने पूर्णपणे शक्य नाही, कारण त्यांतली दोन माहीत झाली की तिसरे आपोआप ठरते. काहीतरी गृहीत धरावेच लागते, आणि प्रत्येक अभ्यासक वेगळे धरतो. म्हणून एकाच आकडेवारीतून दोन निष्कर्ष निघतात आणि दोघेही प्रामाणिक असतात.

भारतापुरते बोलायचे तर माग ठेवणारी आकडेवारी आत्ता कुठे जमू लागली आहे. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने ‘लासी’ची पहिली फेरी २०१७-१८ मध्ये केली, पंचेचाळिशीपुढची माणसे आणि त्यांचे जोडीदार अशा ७२ हजारांहून अधिक जणांशी बोलून, त्यांची पकड, चाल, रक्तदाब, स्मरण मोजून. तीच माणसे पुन्हा पुन्हा गाठायची, अशी तिची आखणी आहे. त्या फेरीत पंचेचाळिशीची असलेली माणसे २०४२-४३ मध्ये सत्तरीला येतील. त्यांत शाळा शिकलेल्या पहिल्या पिढीच्या बाया असतील, गिरण्या बंद झाल्यावर दुसरे काम धरलेल्यांची मुले असतील, ऊसतोडीला जाणारेही असतील. शाय आणि सॉल्टहाउस यांचा वाद एका शहरातल्या, एका देशातल्या माणसांवर अडला. या माणसांची वये सारखी आणि आयुष्ये अगदी वेगळी आहेत.